मागून पाहणारा माणूस

माणूस चेहऱ्यावरून ओळखायचा असतो, असा माझा बरीच वर्षं समज होता. वाशीम जिल्ह्यातल्या केनवडला नोकरीसाठी राहायला गेलो आणि तो गळून पडला. तिथले माझे घरमालक मला समोरून कधीच ओळखत नसत. मी कॉलेजातून परत येताना त्यांच्या पुढ्यातून जाई, तेव्हा ते रस्ता चुकलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहत. दहा पावलं पुढे गेलो की मागून हाक येई.

"अरे, सर होय का! मले वाटलं कोन आलं बाप्पा."

ते पाट्यांचे मिस्त्री होते. ट्रक, टेम्पो, जीप यांची मागची दोन चाकं जोडणाऱ्या अ‍ॅक्सलवर पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेली कमान असते. तिला पाटे म्हणतात. गाडीचं सगळं ओझं पाटे उचलतात आणि श्रेय इंजिनाला मिळतं. रस्त्याच्या कडेला मिस्त्रींचं पत्र्याचं दुकान होतं, मागे दोन खोल्यांचं घर आणि त्याला लागून माझी भाड्याची खोली. दुकानात खुर्ची एकच होती, आणि ती अशी मांडलेली की येणारं वाहन दिसू नये, जाणारं दिसावं. हळद नाहीतर सोयाबीन भरून चाललेला ट्रक दिसेनासा होईपर्यंत मिस्त्री त्याच्या पाठीकडे पाहत राहत. मग स्वतःशीच म्हणत, "डाव्या अंगाचा बुश गेला. शिरपूरपर्यंत जाईन, पुढं काही खरं नाही."

"मिस्त्री, त्याला थांबवून सांगायचं ना," मी एकदा म्हणालो.

"थांबवलं तं तो तोंड दाखवते. अन् तोंड दाखवलं की माणूस खोटं बोलते. म्हनते, गाडी एकदम टकाटक आहे. मांगून पाहाव सर. मांगून कोनाले खोटं बोलता येत नाही."

हे तत्त्व त्यांनी संसारातही लावलं होतं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगत, "मले पाहाले आले तं माह्या बापाले म्हनते, पोरीले जरा त्या लिंबापर्यंत चालत जाऊ द्या. मी गेली. तं म्हने, पसंत आहे, वापस बलावू नका. आता पस्तीस वर्सं झाले, यायले अजून माहं तोंड पाठ नाही. बाजारात समोरून गेली तं वळखत नाही. मांगून गेली तं दोन शेतं दुरून हाका मारते."

"चाल सरळ आहे तिची," मिस्त्री म्हणत. "अजून."

त्यांच्या आयुष्यात वैरी एकच होता, तो म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलचं बाजूला सरकणं. पाटे लवचिक असतात. त्यांना वरखाली व्हायचं असतं, पण वळणावर, खड्ड्यात, ओझ्याखाली ते थोडे आडवेही होतात, आणि त्यांच्यासोबत अख्खं मागचं अंग डावीउजवीकडे जातं. पाट्यांच्या टोकांतले रबरी बुश झिजले, पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले झाले की ते आणखी वाढतं. लोकांना हे कळत नाही, कारण लोक पुढे बसतात.

"गाडीले चार कामं आहेत," मिस्त्री बोटांवर मोजून सांगत. "पुढं जानं, मांगं येनं, वर उसळनं, खाली बसनं. बाजूले जाचं तिले काय काम? तिथं कोन आहे तिचं?"

दुकानापुढे रस्त्याला समांतर वीसेक पावलं लांबीचा मातीचा पट्टा होता. रोज सकाळी मिस्त्री तो झाडत, पाणी शिंपडत आणि पत्र्याच्या तुकड्याने सारखा करत. पट्ट्याच्या तोंडाशी एक खड्डा होता. तो रस्त्याच्या हद्दीत येतो की मिस्त्रींच्या, याचा निकाल लागलेला नव्हता. डांबरवाले आले की तो बुजवून जात आणि मिस्त्री दुसऱ्या दिवशी पहार घेऊन पूर्ववत करत. दुरुस्तीला आलेली प्रत्येक गाडी आधी त्या खड्ड्यातून घालायची आणि मग ओल्या मातीवरून सरळ न्यायची. खड्ड्यात उसळलेलं मागचं अंग खाली येताना सरकलं, तर मागच्या चाकाचा ठसा पुढच्याच्या रेषेबाहेर पडे. मिस्त्री तिथे उकिडवे बसून तो ठसा वाचत.

"खड्ड्याबिगर गाडी खरं बोलत नाही," हे त्यांचं आणखी एक वचन.

त्या पट्ट्यावर पाय ठेवायची केनवडात कुणाची प्राज्ञा नव्हती. शेळ्यासुद्धा वळसा घालत. एकदा एका उमेदवाराची पदयात्रा तिथून चालली होती. सगळे कार्यकर्ते सवयीने बाजूने गेले, उमेदवार बाहेरगावचे असल्याने सरळ गेले. मिस्त्रींनी पहार आपटून विचारलं, "काहून हो, तुमच्या पायाचे पाटे बदलाचे आहेत काय?" ते निवडणूक हरले. गावाने या दोन गोष्टींचा संबंध कायमचा जोडला.

ठसा किती सरकला हे मोजायला मिस्त्रींकडे टेप होता, पट्टी होती, पण त्यांचा भरवसा एका सुपारीवर होता. ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे. कित्येक वर्षांच्या तेलकट बोटांनी ती काळी, गुळगुळीत झालेली. दोन ठशांमध्ये ती ठेवत. टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत ती सरकवून पाहत. "अर्धी सुपारी सरकली." "पाव सुपारी चालते, म्हाताऱ्या गाडीले माफ आहे." तेलंगणाकडचा एक ड्रायव्हर हटून बसला होता की मिलिमीटरमध्ये सांगा. मिस्त्री म्हणाले, "एमएम तुम्हारे गाँव में होंगे भाई, इधर सुपारी है." मी एकदा सुशिक्षितपणे शंका काढली, "मिस्त्री, सगळ्या सुपाऱ्या सारख्या नसतात."

"म्हनून तं एकच ठेवली," ते म्हणाले.

या सगळ्या विचारमंथनातून त्यांनी एक वस्तू बनवली होती. दुकानाच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर पाणसळीने पातळी तपासून टांगलेली होती आणि तिच्याखाली, तितकाच सरळ, एक जाड लोखंडी दांडा. दोन्ही टोकांना गोल डोळे, डोळ्यांत रबरी बुश. मिस्त्री त्याला 'आडवी' म्हणत. एक टोक गाडीच्या चेसिसला, म्हणजे सांगाड्याला, दुसरं मागच्या अ‍ॅक्सलला, आणि दांडा मधे आडवा. मग अ‍ॅक्सल खुशाल वरखाली होऊ दे, बाजूला जाऊ म्हटलं की आडवी धरून ठेवणार. दर रविवारी तिला तेल लागे. मिस्त्री नसले की काकू तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालत.

मी राहायला गेलो तेव्हा आडवी भिंतीवर लागून एक तप झालं होतं. गाडीला एकदाही लागलेली नव्हती. ट्रकवाले म्हणत, "पाटे आहेत ना, मंग हे कायले?" काळीपिवळी जीपमधून सवाऱ्या नेणाऱ्या एकाने तर हिशेब केला की तेवढ्या वजनाने पोहरादेवीच्या यात्रेत एक सवारी कमी बसेल. मिस्त्री कुणावर चिडत नसत. पण त्यांचे गुडघे जाऊ लागले होते. गाडीखालून बाहेर येताना ते दोन वेळा थांबत. एका संध्याकाळी म्हणाले, "एकदा लागली पाह्यजे सर. एकदाच. चालती गाडी मी मांगून पाह्यली की झालं. नाही तं तिचे तुकडे करतो, शेळ्या बांधाचे खुंटे होतीन."

ते हे गमतीने बोलत नव्हते. खुंटे किती होतील तेही त्यांनी मोजून ठेवलं होतं. चार.

आता अध्यक्षांकडे यायला हवं. मी ज्या कॉलेजात मराठी शिकवत होतो, त्या संस्थेचे हे अध्यक्ष. संस्थेच्या दोन शाळा, एक ज्युनिअर कॉलेज, एक पॉलिटेक्निक आणि एक नियोजित विद्यापीठ होतं. विद्यापीठाचं प्रवेशद्वार बांधून तयार होतं. आत शेत होतं. अध्यक्षांची एकसष्टी जवळ आली होती आणि गौरवांकाचं संपादन माझ्याकडे होतं. मी तासिका तत्त्वावर होतो, त्यामुळे माझ्याकडे वेळ आणि विशेषणं दोन्ही भरपूर असतील असा संस्थेचा अंदाज होता. पहिल्या पन्नास पानांतच 'द्रष्टे' सतरा वेळा वापरून झालं होतं.

एकसष्टीच्या मिरवणुकीसाठी अध्यक्षांनी हैदराबादकडच्या कुण्या हौशी माणसाकडून एक जुनी अमेरिकन गाडी आणली. लाल, लांब, दोन दारांची, छत उघडणारी. इंजिन असं की सुरू झालं की शेजारच्या वर्गात गणिताचा तास थांबे. समोरून पाहिलं तर गाडी नव्हे, संस्थान. मागच्या अंगाला मात्र आमच्या टेम्पोसारखेच पाटे, आणि त्यावर आधीच्या मालकाने हौसेने घातलेले रुंद टायर. वळण आलं की मागचं अंग सरके आणि टायर मडगार्डला घासे.

हे कळलं वार्षिक स्नेहसंमेलनाच्या दिवशी. अध्यक्ष पाठीमागे उंच बसलेले, दोन्ही बाजूंना उपाध्यक्ष आणि सचिव. प्रवेशद्वारातून गाडी आत वळली आणि तिच्या मागच्या अंगातून असा एक लांब, फरफरता, नको त्या जातीचा आवाज आला की स्वागतगीत म्हणणाऱ्या मुली दुसऱ्या ओळीवर गप्प झाल्या. पेटीवाले सर तेवढे वाजवत राहिले. अध्यक्षांनी उपाध्यक्षांकडे पाहिलं. उपाध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांच्या पलीकडे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

"सर, एकसष्टीले हजारो लोकं येतीन," अध्यक्ष म्हणाले. भाषणात ते पुस्तकी बोलत, संकटात वऱ्हाडी. "तवा गाडीनं पुन्हा असा आवाज केला तं मी जिल्ह्यात तोंड दाखवू शकनार नाही. ते तुमचे घरमालक काही करतीन काय?"

मी मिस्त्रींना निरोप दिला. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पाटे आहेत तिले?"

"आहेत."

ते उठले, दोन वेळा थांबले, आणि भिंतीवरच्या आडवीवरचा काकूंचा टॉवेल काढून बाजूला ठेवला.

गाडी आली तेव्हा मिस्त्री खुर्चीवर पाठमोरेच बसून होते. अध्यक्षांच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. मिस्त्री म्हणाले, "पुढं जा. खड्ड्यातून घे, मातीवरून काढ." वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही ड्रायव्हरप्रमाणे त्यानेही मालकाला न विचारता ऐकलं. ठसे पडले. मिस्त्रींनी सुपारी ठेवून पाहिली आणि प्रथमच मी त्यांना सुपारी दोनदा ठेवताना पाहिलं.

"दीड," ते म्हणाले. आवाजात दुःख नव्हतं. एखाद्या डॉक्टरला दुर्मीळ रोग सापडावा तसं काहीतरी होतं.

आठ दिवस त्यांनी आधी साधं काम केलं. बुश बदलले, यू-बोल्ट आवळले, पाट्यांना पकडी घातल्या. घण मारायला त्यांनी नेहमीप्रमाणे ड्रायव्हरलाच लावलं. ज्याने गाडी हाणली त्यानेच घण हाणावा असा त्यांचा नियम होता. सरकणं पाऊण सुपारीवर आलं. मग आडवी लागली. दांडा पाणसळीने तपासून अगदी सरळ बसवला. गाडी खड्ड्यातून उसळली, मातीवरून गेली. सुपारी ठेवायला जागाच नाही! मिस्त्रींनी सुपारी परत खिशात टाकली. काकूंनी चहात साखर जास्त टाकली, एवढंच.

तिसऱ्या दिवशी तालीम झाली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव गाडीत बसले, शिवाय फेटे, हार आणि अध्यक्षांचा अर्धपुतळा. आणि पहिल्याच वळणावर तोच आवाज आला. थोडा लहान, पण तोच.

पॉलिटेक्निकचे प्राचार्य हजर होते. त्यांनी 'पार्श्विक विचलन: एक दृष्टिक्षेप' असा अहवाल आधीच लिहिलेला होता. ते म्हणाले, "मिस्त्री, हे तुम्ही नवीन काही केलेलं नाही. असा दांडा परदेशात शंभरेक वर्षांपासून लावतात. पुस्तकात आहे."

मला वाटलं, संपलं. एका माणसाने तपाहून अधिक काळ तेल लावून जपलेली कल्पना एका वाक्यात दुसऱ्याची झाली. मिस्त्रींचा चेहरा मात्र उजळला.

"म्हंजे त्यायच्याकडंही खड्डे आहेत!" ते म्हणाले. "बरं केलं त्यायनं. पन साहेब, थे लोकं दांडा रिकाम्या गाडीत सरळ ठेवतात का भरल्या गाडीत?"

प्राचार्य म्हणाले, "ते संदर्भ पाहून सांगतो."

मिस्त्री त्या दिवशी जेवले नाहीत. दुकानात खुर्चीवर बसून राहिले. उपाध्यक्ष समोरच्या हॉटेलात नाश्ता करून परत चालले होते. चांगले सव्वाशे किलोचे गृहस्थ. मिस्त्रींनी त्यांना लांबपर्यंत मागून पाहिलं आणि एकदम मांडीवर थाप मारली.

"सर! चुकी माही आहे. रिकाम्या गाडीत सरळ केली मी तिले. पन रिकामी गाडी कोन मिरवते?"

मुद्दा साधा होता. ओझ्याने गाडी खाली बसली की दांड्याचं एक टोक खाली जातं, दांडा तिरपा होतो आणि तिरपा झाला की तोच अ‍ॅक्सलला थोडं बाजूला ओढतो. म्हणजे दांडा सरळ करायचा तो माणसं बसलेली असताना. आणि माणसं तीच हवीत, जागाही त्याच.

म्हणून एका सकाळी संस्थेचे तीनही पदाधिकारी मिस्त्रींच्या दुकानासमोर, उभ्या गाडीत, दीड तास बसले. खाली मिस्त्री पाठीवर झोपलेले.

"अध्यक्षांनी मधे. उपाध्यक्ष डाव्या अंगाले. सचिव उजव्या. हालू नका. श्वास घ्या, पन बेताचा."

अध्यक्षांचा फोन वाजला.

"फोन घेऊ नका! हात उचलला की पाटा बोलते."

गावात बातमी पसरली. लोक जमले. तीन थोर माणसं एका न चालणाऱ्या गाडीत समोर पाहत गप्प बसली आहेत, हे दृश्य केनवडने पूर्वी पाहिलेलं नव्हतं. एका म्हातारबुवांनी संधी साधून अध्यक्षांपुढे निवेदन धरलं. हात हलवायची बंदी असल्याने अध्यक्षांनी ते दातांत घेतलं.

"मिफ्त्री, झालं का?" त्यांनी विचारलं.

खालून आवाज आला, "कोन बोललं? बोलनाऱ्यानं पोट आत घ्याव."

तिघांनीही घेतलं.

संध्याकाळी तालीम झाली. वळणावर आवाज नाही. खड्ड्यात मात्र मिस्त्रींनी गाडी घालू दिली नाही. "थे त्याच दिवशी," ते म्हणाले. "पुऱ्या ओझ्यानं, लोकायसमोर. मी मांगून चालतो. मांगूनच पाहाची आहे मले." त्यांनी त्यासाठी नवा सदरा शिवायला टाकला. मागून पाहणाऱ्याने नवा सदरा का घालावा हे मी विचारलं नाही.

एकसष्टीच्या आदल्या दिवशी डांबरवाले येऊन खड्डा बुजवून गेले. मिस्त्रींनी पहाटे उठून तो उकरला. पट्टा झाडला, शिंपडला, सारखा केला. आणि आठच्या सुमाराला, दुकानापासून थोड्या अंतरावरच्या चौकात मिरवणूक निघायच्या बेतात, ढोल लागलेले, लेझीम उभं, व्हिडिओवाले तीन, अशा वेळी बातमी आली की उपाध्यक्ष येणार नाहीत. स्वागत फलकावर त्यांचा फोटो सचिवांच्या फोटोएवढाच निघाला होता.

प्राचार्य म्हणाले, "एका माणसाने काही फरक पडत नाही. नगण्य आहे."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "सव्वाशे किलो नगण्य? डावं अंग उचललं जाईन. माप त्यायच्यासकट घेतलं आहे." त्या क्षणी मिरवणूक फसेल याची भीती त्यांना नव्हती. त्यांना भीती होती की आडवी वाकडी चालेल, आणि दोष तिला लागेल.

पोती ठेवायचं सुचवलं तर अध्यक्ष म्हणाले, "फोटोत पोतं दिसन." माणूसच हवा होता. आणि माणूस मिळेना. संस्थेतल्या कुणालाही उपाध्यक्षांच्या जागेवर बसायचं नव्हतं, कारण उपाध्यक्षांचे रुसवे दोन दिवस टिकतात आणि स्मरणशक्ती वीस वर्षं. आमच्या ग्रंथपालांना अचानक पोटात कळ आली. सचिव वेगळ्याच दिशेला पाहू लागले.

मिस्त्री माझ्याकडे आले. "सर, तुमी बसा. साठेक किलो तुमी, बाकी मी पायाखाली जुने पाटे ठेवतो. मले मांगं राहू द्या."

माझ्या तासिकांच्या कागदावर उपाध्यक्षांची सही लागत असे. मी म्हणालो, "मिस्त्री, मला उघड्या गाडीत चक्कर येते."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. आणि तोंडाबद्दलचं त्यांचं मत त्या क्षणी काही बदललं नाही.

"राहू द्या," ते म्हणाले. "मी बसतो."

काकू धावत आल्या. "बसतेच तं तोंड धुऊन बसा! आज समोरून पाहनार लोकं." त्यांनी पदराने मिस्त्रींच्या कपाळावरचं ग्रीस पुसलं, म्हणजे ते गालापर्यंत पसरवलं. डाव्या बाजूला पायाशी पाट्यांची मोळी ठेवली, तिच्यावर शाल पांघरली. मिस्त्री अध्यक्षांशेजारी बसले. कुणीतरी त्यांना फेटा बांधला. गाडी हलायच्या आधी ते वाकून मला म्हणाले, "सर, आता तुमीच मांगून पाहा. समदं पाहा. सुपारीभरही सोडू नका."

मी मागून चाललो. एवढी जबाबदारी मला गौरवांकानेही दिली नव्हती. पण खरं सांगतो, मला काही दिसलं नाही. गुलाल, फेटे, नाचणाऱ्यांच्या पाठी आणि मधूनमधून झेंडूच्या माळांआड लाल पत्र्याचा तुकडा. तीनही व्हिडिओवाले गाडीपुढे उलटे चालत चेहरे टिपत होते. वरून ड्रोन फिरत होता, त्याच्या चित्रणात नंतर फक्त फेटे दिसले. अख्ख्या मिरवणुकीत त्या गाडीचं मागचं अंग पाहणारा मी एकटा, आणि मला अ‍ॅक्सल त्या गर्दीत कुठे शोधायचा हेसुद्धा कळत नव्हतं.

दुकान आलं. मिस्त्रींनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला. "इकून घे."

अध्यक्ष म्हणाले, "अहो, रोड सरळ आहे."

ड्रायव्हरने गाडी वळवली होती.

मग जे झालं ते मी विसरणार नाही. ढोल, लेझीम, पाहुणे, हजारभर माणसं त्या मातीच्या पट्ट्याशी आली आणि कुणी काही न सांगता दोन बाजूंनी फाटली. वर्षानुवर्षांची सवय. नाचणारे नाचत वळसा घालून गेले. पट्ट्यावर एकटी लाल गाडी. ती खड्ड्यात उतरली, उसळली. अध्यक्ष आसनापासून वीतभर वर गेले, तीन हार मानेवरून सुटले, अर्धपुतळा सचिवांच्या मांडीवर आला. पाट्यांची मोळी खणकन वाजली. गाडी खाली आली आणि मातीवरून निघून गेली. आवाज झाला नाही.

मी तिथेच थांबलो. सभा कॉलेजच्या मैदानावर होती, गौरवांकाचं प्रकाशन व्हायचं होतं, संपादक म्हणून मला श्रीफळ मिळणार होतं. पण मिस्त्रींनी मला मागून पाहायला सांगितलं होतं आणि मी पाहू शकलो नव्हतो. निदान ठसे तरी राखावे. मी त्यांची खुर्ची घेऊन पट्ट्याच्या कडेला बसलो. थोड्या वेळाने कर्ण्यावर स्वागतगीत ऐकू आलं. दुसरी ओळ गेली. तिसरी गेली. चौथ्या ओळीला मी श्वास सोडला. मग भाषणं सुरू झाली. 'द्रष्टे' ऐकू येई तेव्हा मी मोजत होतो. माझ्या अंकापेक्षा जास्त झाले. एक शेळी आली, पट्ट्याकडे पाहून वळली. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सर, तुमी उन्हात कायले बसले?"

"राखण," मी म्हणालो.

त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी टॉवेल घेऊन आल्या, तो नेहमीचा. डोक्यावर घ्यायला.

दुपारी रस्त्याने एक लालभडक तोंडाचा, फेटेवाला माणूस लंगडत येताना दिसला. गुलालाने माखलेला तो चेहरा मला ओळखू आला नाही. जवळ येऊन माझ्याकडे ढुंकूनही न पाहता तो पुढे गेला आणि पट्ट्याकडे वळला, तेव्हा पाठीवरून ओळखलं.

"काय दिसलं सर?" मिस्त्रींनी पाठमोरेच विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "काही दिसलं नाही," मी म्हणालो. "गर्दी होती. पण ठशांवर कुणाचा पाय पडू दिला नाही."

त्यांनी मान हलवली. खड्ड्यापाशी गेले, गुडघे धरून हळूहळू उकिडवे बसले. मी मागे उभा राहिलो. पुढच्या चाकाच्या ठशाची कड आणि तिच्याबरोबर मागच्या चाकाची, खड्ड्यातून बाहेर पडून वीस पावलं, दोन्ही अंगांना, ताणलेल्या दोरीसारखी गेली होती. मिस्त्रींनी खिशातून सुपारी काढली. ती ठेवायला जागा शोधली. पट्ट्याच्या शेवटापर्यंत बसून बसून सरकत गेले आणि शोधत राहिले. सापडली नाही.

त्यांनी सुपारी तळहातावर एकदा फिरवली. मग दाराकडे न पाहता म्हणाले, "अवो, अडकित्ता आन."

काकूंनी आणला. मिस्त्रींनी सुपारी अडकित्त्यात धरली. ती इतकी वाळलेली होती की पहिल्यांदा निसटली आणि ठशावर पडली. त्यांनी ती उचलली, सदऱ्याला पुसली आणि पुन्हा धरली. कट्ट असा आवाज झाला. दोन तुकडे, एक किंचित लहान.

"मिस्त्री, आता मोजणार कशाने?" मी विचारलं.

"आता कायले मोजाचं," ते म्हणाले, आणि मोठा तुकडा मला दिला.

मी तोंडात टाकला. त्याला डिझेलचा, पितळेचा आणि थोडासा जुन्या खिशाचा वास होता. आम्ही तिघंही पट्ट्याच्या कडेला बसून चघळत होतो. मिस्त्रींच्या लहान तुकड्यातला अर्धा काकूंनी अडकित्त्याने तोडून घेतला होता. समोरून मिरवणुकीचे लोक घरी परतत होते, आणि पट्टा आला की अजूनही बाजूने जात होते.